एक जास्तीची गाडी सोडायला काय जातं? बारा बाय दहाच्या खोलीत १९७९ चं टाइमटेबल

२०२७ च्या सिंहस्थाच्या स्पेशल गाड्यांची चर्चा नाशकात आता चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे चालू आहे आणि परवा माझी भाची जेवता जेवता म्हणाली, मामा, एवढी गर्दी होणार हे आधीच माहितीये तर अजून चार गाड्या सोडायला काय जातं यांना, रूळ तर रिकामेच दिसतात की. तसं बघितलं तर तिचं चूक नाहीये. नाशिकरोडला प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की दहा-पंधरा मिनिटं नुसते रूळच दिसतात, मग आपली गाडी स्टेशनबाहेर आऊटर सिग्नलला का अडकते हे कुणालाही कोडंच वाटेल.

मी तिला तोंडाने काही समजावलं नाही. हात धुतले आणि तिला मागच्या खोलीत घेऊन गेलो. तिथे भिंतीच्या कडेकडेने माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे, इगतपुरी ते नाशिकरोड, साल १९७९, आणि तो मी त्या काळच्या पद्धतीच्या टाइमटेबलवर चालवतो. तिला जे दाखवलं तेच इथे लिहितोय, कारण गाडी लेट का होते हे मला स्वतःला कुठल्या बातमीतून कळलं नाही, या टेबलावर कळलं.

खेळणं कुठे संपतं

लहानपणी आपण सगळ्यांनीच चावीची नाहीतर सेलवरची गाडी गोल रुळावर फिरवलीये. मजा येते, पण पंधरा मिनिटांत संपते, कारण ती गाडी कुठून आली नाही आणि कुठे जाणारही नाही. मोठ्यांच्या मॉडेल रेल्वेतही बरेच जण इथेच थांबतात, इंजिन सुंदर, डोंगर सुंदर, आणि गाडी आपली गोल गोल.

टाइमटेबल आलं की हे बदलतं. ही गाडी मुंबईहून आलीये, तिला इगतपुरीला इंजिन बदलायचंय, तिच्या पुढे एक मालगाडी आहे, समोरच्या लाइनवरून पंचवटी येतेय. आता गाडी नुसती सोडून चालत नाही, कुणीतरी थांबावं लागतं. माझं तर मत असं झालंय की रेल्वे म्हणजे गाड्या चालवणं कमी आणि गाड्या थांबवणं जास्त, आणि टाइमटेबल म्हणजे कोण कुणासाठी थांबणार याचा आधीच केलेला करार.

हा विचार जुना आहे. अमेरिकेत फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकात आपल्या लेआउटवर हे रुजवलं, त्यांच्यासाठी लेआउट म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे पात्रं आणि टाइमटेबल म्हणजे संहिता. नाटकवेड्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लग्नघरातलं एक बाथरूम

आता मूळ नियम. रेल्वेची लाइन तुकड्यांमध्ये विभागलेली असते, एका तुकड्याला ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. बस्स, एवढाच नियम आहे आणि बाकी सगळी गुंतागुंत त्यातूनच निघते.

लग्नघर आठवा. सकाळी सहा वाजता पंचवीस पाहुणे आणि बाथरूम एक. आत एक जण गेला की कडी, बाकीचे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर. कडी म्हणजे सिग्नल. आता बाथरूम दिवसभरात कितीतरी वेळ रिकामंच असतं, दुपारी तर कुणी तिकडे फिरकतही नाही, पण सहा ते आठ या वेळात नवऱ्या मुलाच्या मामांना वीस मिनिटं लागली की मुहूर्ताला गडबड ठरलेलीच. आणि एखादी शहाणी आत्या आदल्या रात्रीच क्रम लावून देते, आधी नवरी, मग करवल्या, मामांना शेवटी. ती आत्या म्हणजे टाइमटेबल.

भाचीचा प्रश्न इथेच अर्धा सुटतो. रूळ रिकामा दिसतो म्हणजे ब्लॉक रिकामा असतोच असं नाही, डोळ्यांना न दिसणारी गाडी त्याच ब्लॉकमध्ये चार किलोमीटरवर असू शकते.

एका कागदावर सगळ्या गाड्या

आपण प्रवासी जे टाइमटेबल बघतो ते आकड्यांचं असतं, पण ते बनवणारा माणूस आकडे बघत नाही, तो रेषा बघतो. मोठा कागद घ्यायचा, आडवी वेळ, उभी स्टेशनं, खाली इगतपुरी वर नाशिकरोड. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जास्त उभी तर गाडी फास्ट, जास्त पसरट तर स्लो, आणि आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात याला चार्ट म्हणतात. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली आहे, पॅरिस-लिऑन लाइनचा त्या काळचा असा चार्ट प्रसिद्ध आहे.

हिशोबासाठी सोपे आकडे घेऊ. इगतपुरी ते नाशिकरोड साधारण ५१ किलोमीटर. मालगाडी ६ वाजता निघाली ताशी ४० ने. मेल गाडी ६:३० ला निघाली ताशी ८० ने. कागदावर रेघा ओढल्या की दोन्ही बरोबर ७ वाजता एकमेकींना कापतात, नाशिकरोडच्या अलीकडे ११ किलोमीटरवर, जिथे ओव्हरटेक करायला जागाच नाही. म्हणजे मालगाडीला आधीच्या एखाद्या स्टेशनवर लूपला घ्यायला हवी. लूप म्हणजे मेन लाइनच्या बाजूची थांबायची लाइन. आपण गाडीत बसून वैतागतो ना, साइडला टाकली म्हणून, ते हेच.

एकाच दिशेने जाणाऱ्या दोन रेघा फक्त लूप असलेल्या स्टेशनवरच एकमेकींना कापू शकतात. हे एक वाक्य पक्कं झालं की चार्ट वाचता येतो. समोरासमोरच्या गाड्यांचा आपल्याकडे प्रश्न नाही कारण लाइन डबल आहे, एक अप एक डाउन.

अप-डाउनचं पण सांगून टाकतो कारण यात सगळेच गोंधळतात. मुंबईकडे जाणारी अप, मुंबईहून येणारी डाउन. म्हणजे कसाऱ्याहून धापा टाकत घाट चढून इगतपुरीला येते ती गाडी डाउन, उतरते ती अप. चढ-उताराशी याचा काही संबंध नाही.

खोलीत ५१ किलोमीटर कसे मावणार

माझं मॉडेल एचओ स्केलचं आहे, म्हणजे खऱ्याच्या १/८७. तरीसुद्धा ५१ किलोमीटर म्हणजे ५८६ मीटर होतात, माझ्याकडे सगळे वळसे धरून १२ मीटर. त्यामुळे घोटी, पाडळी, लहवित नाहीत, आणि देवळाली वगळताना तर जिवावर आलं. ठेवली तीन स्टेशनं, इगतपुरी, मधे अस्वली, आणि नाशिकरोड.

गाडी बाकीचा प्रवास कुठे करते? विंगेत. कालिदास कलामंदिरात पात्र विंगेतून येतं आणि विंगेत जातं, ते येण्याआधी कुठे होतं हे आपण मनात धरतो. तशी माझ्याकडे दोन लपवलेली यार्डं आहेत, सह्याद्रीच्या पडद्यामागे एक, त्याला मी कसारा म्हणतो, आणि कपाटाखाली दुसरं, ते मनमाड. गाड्या तिथे आपल्या प्रवेशाची वाट बघत उभ्या असतात.

सहापट पळणारं घड्याळ

आता वेळेची गंमत. ताशी ६० किलोमीटर वेग स्केलमध्ये आणला की सेकंदाला साधारण १९ सेंटीमीटर होतो. म्हणजे माझे १२ मीटर गाडी मिनिटभरात संपवते. खऱ्या घड्याळाने टाइमटेबल चालवलं तर मिनिटभर गाडी आणि पुढे पाऊण तास काहीच नाही.

म्हणून फास्ट क्लॉक वापरतात. जुन्या टॅबवर एक घड्याळ लावलंय जे सहापट पळतं, आपलं एक मिनिट तिथली सहा मिनिटं. चोवीस तास चार तासांत होतात, आम्ही सहसा पहाटे ५ ते सकाळी ११ एवढंच चालवतो, तासाभराचा खेळ. जागा आखूड केली तर वेळही आखूड करायची, एवढंच तत्त्व आहे.

पण यात एक प्रामाणिक अडचण आहे ती सांगायला हवी. धावणं छोटं होतं, हाताचं काम छोटं होत नाही. डबे काढायला-जोडायला मला खरी दोन मिनिटं लागली की घड्याळात बारा गेली. आणि ५१ मिनिटांचा प्रवास सहा मिनिटांत होतो. त्यामुळे मी जुन्या टाइमटेबलातले आकडे जसेच्या तसे घेत नाही, गाड्यांचा क्रम आणि थांबे पाळतो, धावायच्या वेळा नव्याने बसवतो. काही जण गाडीला मधे जास्तीच्या चकरा मारायला लावून अंतर वाढवतात, मला ते पटत नाही, अस्वली एकाच गाडीने तीनदा ओलांडली की सगळा विश्वासच उडतो.

१९७९ च का

साल धरायचं म्हणजे सालाच्या आतलं सगळं धरायचं. पंचवटी १९७५ ची, गीतांजली १९७७ ची, दोन्ही चालतील. वंदे भारत नाही, नाशिकमार्गे जाणारी राजधानी २०१९ ची, तीही नाही. डबे मरून रंगाचे, निळे नाहीत. पाटीवर बॉम्बे व्हीटी. आणि तुम्ही त्याहून मागे गेलात, समजा १८९० धरलं, तर घड्याळच वेगळं, तेव्हा रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि मुंबई शहराचं घड्याळ त्याच्या अर्धा तास मागे असायचं.

मी १९७९ धरलं ते इगतपुरीसाठी. मुंबईहून इगतपुरीपर्यंतची विजेची लाइन १९३० ची, ती १५०० व्होल्ट डीसी. इगतपुरीच्या पुढची साठच्या दशकाच्या शेवटी झाली, ती २५,००० व्होल्ट एसी. दोन्हीकडे चालणारी इंजिनं आपल्या मध्य रेल्वेवर नव्वदच्या दशकात आली, तोपर्यंत विजेवरच्या प्रत्येक गाडीला इगतपुरीला इंजिन बदलावंच लागायचं. ज्यांनी त्या काळात प्रवास केलाय त्यांना तो हबका आठवत असेल, आधी एक, शांतता, मग दुसरा.

माझ्या टेबलावर हे असं होतं. ५ डाउन पंजाब मेल सह्याद्रीच्या बोगद्यातून बाहेर येते, पुढे डीसी इंजिन, मागे ढकलायला बँकर. घाटाचा चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, एकट्या इंजिनाला हे झेपत नाही म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. आमच्या बँकरमध्ये एक जुना खेकडा आहे, १९२८ पासून आलेली ती स्विस डिझाइनची लांब नाकाची इंजिनं, रेल्वेच्याच लोकांनी ठेवलेलं नाव. गाडी थांबली की मी उदबत्तीची काडी घेतो, कपलिंगच्या मधे अलगद खुपसून किंचित फिरवतो, टिक असा आवाज येतो आणि डीसी इंजिन सुटतं. ते पुढे जातं, सांधा बदलतो, बाजूच्या लाइनीत उभं. दुसऱ्या बाजूने पुढच्या लाइनीचं एसी इंजिन, डब्ल्यूएएम-४, मागे मागे येतं, शेवटचे दोन सेंटीमीटर गोगलगाईसारखे, कारण जोरात लागलं की तेरा डब्यांची रांग मागे सरकते आणि शेवटचा डबा सिग्नलच्या बाहेर जातो. मग मागचे बँकर सोडायचे. सगळं मिळून फास्ट क्लॉकची अठरा मिनिटं, म्हणजे माझी खरी तीन, आणि त्या तीन मिनिटांत इगतपुरी सांभाळणाऱ्याचं बाकी कशाकडे लक्ष नसतं.

टाइमटेबलमध्ये न दिसणाऱ्या गाड्या

सुटलेले बँकर कुठे जातात? त्यांना परत कसाऱ्याला जायचंय, पुढच्या गाडीसाठी. म्हणजे ती एकटी इंजिनं अप लाइनवर एक ब्लॉक अडवणार. म्हणजेच त्यांनाही चार्टवर रेघ लागते. भाची इथे पहिल्यांदा गप्प झाली. प्रवाशाला दिसते एक पंजाब मेल, चार्टवर तिच्यामुळे दोन रेघा.

तेच मालगाडीचं. एकलहऱ्याच्या थर्मलला कोळसा जातो, पण भरलेला रेक आत गेला की रिकामा बाहेर यायला हवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी साइडिंग, म्हणजे माल उतरवायची बाजूची लाइन, भरलेली. रेक म्हणजे डब्यांचा पूर्ण संच. पंचवटी सकाळी मुंबईला जाते आणि संध्याकाळी तीच परत येते म्हणून उद्या सकाळी ती मनमाडला हजर असते, आज रात्री उशीर झाला तर उद्याचीही झोप कमी. रेल्वेचं आतल्या लोकांसाठीचं वेगळं टाइमटेबल असतं, वर्किंग टाइमटेबल, त्यात या सगळ्याचा विचार असतो. रद्दीच्या दुकानात जुनी टाइमटेबलं मिळतात ती प्रवाशांची, त्यात मालगाड्या नसतात. त्या गाळलेल्या जागा मी आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांकडून भरल्या, पूर्ण नोकरी कंट्रोल ऑफिसात गेली त्यांची. त्यांनी पहिल्या दिवशी माझा चार्ट बघितला आणि एकच विचारलं, बँकर परत कधी पाठवतोस?

ही तर नोकरीच झाली, मजा कुठे आहे?

हा प्रश्न सगळेच विचारतात. बुद्धिबळात नियम आहेत म्हणून बुद्धिबळ नोकरी होत नाही ना, तसंच आहे हे. नियम असल्यामुळेच चूक दिसते आणि चूक सोडवण्यात जीव रमतो.

मागच्या महिन्यातलं सांगतो. मुंबईकडून आलेली टँकरची मालगाडी, ती अस्वलीला लूपला घेऊन पंजाब मेल पुढे काढायची हे ठरलेलं. लूपमध्ये बारा वॅगन, इंजिन आणि ब्रेकव्हॅन, म्हणजे शेवटचा गार्डचा डबा, एवढं मावतं. त्या दिवशी मी हौसेने चौदा वॅगन लावल्या होत्या. मालगाडी आत घेतली, इंजिन पुढच्या सिग्नलला टेकलं आणि मागच्या दोन वॅगन मेन लाइनच्या सांध्यावरच. काका कंट्रोलला बसले होते, लूप क्लिअर का विचारलं, मी वाकून बघितलं आणि नाही म्हणालो. मेल बाहेर उभी. मालगाडी पुढे काढावी तर नाशिकरोडचा ब्लॉक एका पॅसेंजरने धरलेला. शेवटी पॅसेंजर नाशिकरोडला पोचल्यावर मालगाडीच पुढे काढली आणि मेल तिच्या मागे रखडत आली. घड्याळात २२ मिनिटं गेली, खरी चारही नाहीत, पण त्या २२ मिनिटांनी पुढच्या तीन गाड्या हलवल्या आणि इगतपुरीचे बँकर परत जायला लेट, म्हणून त्यानंतरची डाउन गाडी कसाऱ्यालाच थांबलेली. दोन वॅगन, बाकी काही नाही. मी त्या रात्री झोपताना आऊटरला उभ्या असलेल्या खऱ्या गाडीतल्या माणसांचा विचार करत होतो.

टाइमटेबलमध्ये थोडी ढिलाई मुद्दाम ठेवतात ती याचसाठी, पोचायच्या स्टेशनआधी काही मिनिटं जास्तीची. ती बघून लोक म्हणतात गाडी उगाच रेंगाळते. उगाच नाही रेंगाळत, सकाळचा उशीर तिथे जिरतो.

हे कॉम्प्युटर करेल की, आणि एकट्या माणसाने काय करायचं?

करतो कॉम्प्युटर, आणि छान करतो. पण गाड्या सगळ्या आपोआप थांबल्या आणि सुटल्या तर मी बघ्या झालो, मला लूप क्लिअर आहे का हे वाकून बघायचंय. एकटे असाल तर मधला मार्ग आहे. इंग्लंडात पीटर डेनी नावाचे एक पाद्री होते, त्यांचा बकिंगहॅमचा लेआउट १९०७ सालचा, आणि त्यांचा मुलगा क्रिस्पिन शेजारचं स्टेशन सांभाळायचा. त्याच्याऐवजी ते काम करणारं एक यंत्र डेनींनी बनवलं आणि नाव ठेवलं ऑटोमॅटिक क्रिस्पिन. मला ती गोष्ट फार आवडते, यंत्राला त्यांनी ड्रायव्हर नाही केलं, शेजारच्या स्टेशनचा मास्तर केलं.

पण आपल्या गाड्यांची मॉडेल्स मिळतात कुठे?

कमी मिळतात, हे खरं आहे. बरेच जण परदेशी इंजिनाच्या चेसिसवर कार्डबोर्डची किंवा थ्रीडी प्रिंटची बॉडी बसवून रंगवतात, मीही तेच केलंय. रुळातही तडजोड आहे, आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ते १/८७ मध्ये १९ च्या वर जातं आणि तयार एचओ रूळ १६.५ चे. नीट बघणाऱ्याला गाडी किंचित अरुंद उभी दिसते. मी ते सोडून दिलंय. रूळ पावणेतीन मिलिमीटरने चुकला तर चालतं, क्रम चुकला तर नाही. आणि ज्याला काहीच विकत घ्यायचं नाही त्याने नुसता चार्ट काढावा, कागद, पट्टी आणि पेन्सिल, अर्धा आनंद तिथेच आहे. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं, मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

भाचीची सिंहस्थ स्पेशल

तर तिला मी चार्टवर बटर पेपर टाकून दिला आणि म्हटलं, घे, टाक तुझी स्पेशल, मुंबईहून नाशिकरोड. तिने ६:१० ला इगतपुरीहून रेघ ओढली, ती टँकरच्या मालगाडीला लूप नसलेल्या जागी कापते. खोडली. ६:४५ ला ओढली, रेघ बसली, खूश झाली. मी विचारलं कसाऱ्याला बँकर आहेत का? तिने बोटाने शोधलं, बँकर त्या वेळी पंजाब मेलबरोबर इगतपुरीलाच. अजून पुढे सरकवली, ७:२०, आता बँकर आहेत, ब्लॉक आहे, अस्वली मोकळी आहे.

नाशिकरोडला प्लॅटफॉर्मवर पोचली रेघ, माणसं उतरली रामकुंडाला जायला. मग पेन्सिल तिथेच थांबली. पुढच्या बारा मिनिटांत त्याच प्लॅटफॉर्मवर दुसरी गाडी होती.

मामा, ही रिकामी गाडी आता दिवसभर उभी कुठे करायची?

साइडिंगला कोळशाचा रेक आहे, अस्वलीचा लूप दिवसभर अडकवला तर मालगाड्यांना जागा नाही, मनमाडला पाठवली तर चार्टवर अजून एक रेघ, आणि संध्याकाळी परत आणायला अजून एक. साडेदहाला ताईने हाक मारली तोपर्यंत ती मनमाडच्या रेघेसाठी फट शोधत होती. रविवारी परत येते म्हणाली, स्वतःची पट्टी आणि खोडरबर घेऊन.